फटफटीवर पान्हवणारी म्हैस

आमच्या घरात सगळ्यांत हुशार कोण, असं कुणी विचारलं की वडील गोठ्याकडे बोट दाखवायचे. मी मानसशास्त्रात एम. ए. केलं, कॉलेजात शिकवायला लागले, तरी ते बोट काही हललं नाही. पाहुण्यांसमोर ते बिनदिक्कत सांगायचे, की पोरगी हुशार आहे, पण तिला पुस्तक लागतं. म्हशीला एकदा दाखवलं की पुरे. मला राग यायचा. आणि थोडा अभिमानही वाटायचा, कारण म्हैस शेवटी आमचीच होती.

आम्ही गवळी. कोल्हापूरच्या जुन्या पेठेत पुढे घर आणि मागे गोठा, अशी आमची राहणी. संध्याकाळी म्हशी घरापुढच्या रस्त्याच्या कडेला आणून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा धंदा. त्या जागेला सगळे कट्टा म्हणतात. तिथं आलेल्या माणसाला पिशवीतलं दूध दिलंत तर तो तुमची सात पिढ्यांची अब्रू काढील.

या धंद्याला पंढरपुरी म्हैस लागते. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, अंग बेताचं, स्वभाव शांत. रेडकू जवळ नसलं तरी ती पान्हा सोडते, म्हणजे कासेत दूध उतरू देते, आणि गर्दीतही ग्लासाग्लासाला धार देते. आमची म्हैस तर कट्ट्याची शान होती. तिला नाव होतं, पण ते इथं सांगत नाही. पेठेतल्या लोकांना ते लगेच कळेल आणि मग सगळ्यांना सगळंच कळेल.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांचे पट्टे, पाठीवर नक्षी. पुढे मालक मोटारसायकलवर, सायलेन्सर कापून, सगळी पेठ दणाणून सोडत. म्हशीला दावं नाही, काठी नाही. अशा कितीतरी गाड्या एकाच वेळी बोंबलत असतात, तरी प्रत्येक म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागे धावते. लोकांना ही जादू वाटते. जादू वगैरे काही नसते, वर्षभराची मेहनत असते.

वडिलांची पद्धत साधी होती. म्हैस अजून रेडी होती तेव्हापासून ते रोज संध्याकाळी अंगणात आपली फटफटी सुरू करायचे आणि मग भिजवलेल्या सरकीची मूठ तिच्या तोंडाशी धरायचे. आधी फटफटी, मग सरकी. कधी उलट नाही, कधी नुसती सरकी नाही. आम्ही भावंडांनी लाडानं मूठभर सरकी तिला घातली तर ओरडा बसायचा. पुढे ती व्याली, दूध द्यायला लागली, तेव्हाही क्रम तोच राहिला. फटफटी वाजली, सरकी मिळाली, आणि आई कासंडी घेऊन धारेला बसली.

यात एक घोळ झाला, आणि तो फक्त गवळ्याच्याच घरात होऊ शकतो. वडिलांना म्हशीला पळायला शिकवायचं होतं. म्हशीनं त्यासोबत आणखीही एक गोष्ट शिकून टाकली. फटफटीचा आवाज आला की तिला पान्हा फुटायला लागला. हे आम्हाला कळलं ते पहिल्याच पाडव्याला, भर रस्त्यात. वडील पुढे झोकात गाडीवर, मागे म्हैस धावतेय, आणि चारही सडांतून दुधाच्या धारा रस्त्यावर सांडतायत. लोक पोट धरून हसले. आई कपाळाला हात लावून उभी राहिली. वडील मात्र गाडीवरून उतरून छाती काढून म्हणाले, “खुशीत हाय ती. बगा की.”

मी वर्गात अभिसंधान शिकवते. घंटा वाजली की कुत्र्याला खाणं मिळायचं, असं बरेच दिवस चाललं, आणि मग नुसत्या घंटेनंच त्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं, तो प्रसिद्ध प्रयोग. एका गोष्टीला दुसरी गोष्ट जोडून दिली की मन आणि शरीर त्या जोडणीवर चालायला लागतं, एवढंच त्याचं सार. पुस्तकातला कुत्रा पोरांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी आमच्या म्हशीची गोष्ट सांगायचे. मग चाचणीच्या पेपरात निम्म्या पोरांनी कुत्र्याऐवजी म्हैस लिहिली. मी पूर्ण गुण दिले. म्हैस शास्त्राला धरूनच होती.

आणि म्हशीचं काय घेऊन बसलात, माझंही तेच. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी ती फटफटी वाजली की मी खेळ टाकून पुस्तक उघडून बसायची, कारण वडील आत येताना पहिली नजर माझ्या हाताकडे टाकायचे. आज माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासर रंकाळ्याच्या अंगाला, तरी रस्त्यावरून तशी एखादी जुनी गाडी गेली की माझा हात आपोआप समोरच्या कागदाकडे जातो. मी जे काही शिकले त्यात त्या आवाजाचा वाटा किती, हे मी मोजायला गेले नाही.

वडील गेले ते श्रावणात. दुखणं नाही, दवाखाना नाही; दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. त्या वर्षी पाडव्याला आमच्या म्हशी गोठ्यातच राहिल्या. धंदा मात्र थांबला नाही. आईनं दुसऱ्याच आठवड्यात पदर खोचला आणि कट्ट्यावर उभी राहिली. धाकटा भाऊ फौंड्रीत कामाला आहे; तो पाळी संपवून आला की अंगणात वडिलांची फटफटी थोडा वेळ सुरू करून ठेवायचा, इंजिन धरून बसू नये म्हणून. आई त्याच वेळी धार काढायची.

मार्गशीर्षात आईनं फटफटी विकून टाकली. ती उभी बघवत नाही, एवढंच ती म्हणाली. कुरुंदवाडचे एक शेतकरी येऊन घेऊन गेले. दोन-तीन दिवसांत म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली. आई सडाला हात लावी, ती निमूट उभी राही, लाथ नाही, फुरफुर नाही. पण पान्हा म्हणून सोडत नव्हती. कासंडीच्या तळाला जेमतेम तांब्याभर दूध यायचं. जनावरांचे डॉक्टर आले, कास तपासली, खोड काहीच सापडली नाही. असंच चाललं तर आटेल, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

पेठेनं निदान कधीच करून टाकलं होतं. म्हैस मालकासाठी झुरतेय. कट्ट्यावर लोक तिला बघायला यायला लागले. बायका तिच्या कपाळाला हात लावून डोळे पुसायच्या. एका हौशी माणसानं तिचा व्हिडिओ काढून त्याला रडकं संगीत लावलं आणि गावभर फिरवला. माझ्याच विद्यार्थ्यांनी तो मला पाठवला. आईलाही हे पटलं होतं. पटलं होतं म्हणण्यापेक्षा तिला ते हवं होतं, असं मला वाटतं. घरातलं कुणीतरी तिच्याइतकंच झुरतंय, याचा तिला आधार वाटत असावा.

पण आधारावर वैरण येत नाही. बाकीच्या दोन म्हशी गाभण, त्यांचं दूध बंद. कट्टा या एकीवर चालला होता. गल्लीतल्या एकानं सुचवलं, की पान्ह्याची सुई मिळते. टोचली की मिनिटात दूध उतरतं, पुष्कळ जण करतात. त्या सुईनं जनावर आतून खंगतं, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. आईनं त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. माझं लग्न ठरताना, भावाला नोकरी लागताना, कधी कुणापुढे आवाज न चढवलेली माझी आई त्या दिवशी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. ह्या गोठ्यात सुई आली न्हाय आणि यायची बी न्हाय, असं. मला तेव्हाच तिचा इतका अभिमान वाटला, की मी घरी येऊन सासूबाईंना तो प्रसंग दोनदा सांगितला.

भावाचं म्हणणं वेगळं होतं. त्याला वाटत होतं की आई आता थकली, ही म्हैस विकावी, गाभण म्हशीही द्याव्यात आणि गोठा बंद करून तिनं सुखानं बसावं. तो वाईट बोलत नव्हता. त्याला काळजी होती. आईनं ते ऐकून घेतलं, आणि चंदगडकडचा एक म्हशींचा व्यापारी दारात आला तेव्हा तिनं त्याला बसायला पाट दिला.

जनावरांचा सौदा आमच्याकडे तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, भाव बोटांनीच सांगायचा, बघणाऱ्यांना कळू द्यायचा नाही. हे काम नेहमी वडिलांचं. त्या दिवशी आईनं त्यांचाच पंचा काढला, घडी मोडली आणि व्यापाऱ्यापुढे हात धरला. व्यापारी बावरला. बाईमाणसाच्या हाताला हात कसा लावायचा, म्हणून त्यानं भावाकडे बघितलं. आईनं भावाला मागे सारलं. शेवटी त्यानं हात घातला आणि सौदा झाला.

सौद्याला आईनं एक अट घातली. संक्रांतीपर्यंत म्हैस तिच्या हातावर पान्हवली, तर सौदा मोडला. नाही पान्हवली, तर भोगीच्या संध्याकाळी व्यापाऱ्यानं टेम्पो घेऊन यावं आणि तिला न्यावं. व्यापारी हसून कबूल झाला. तो नेऊन तिला सुई टोचणार, हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी मी गोठ्यात म्हशीजवळ नुसतीच बसले होते. गल्लीतून कुणीतरी फुटक्या सायलेन्सरची गाडी दामटत गेलं. म्हशीचे कान ताठ झाले. तिनं मागचे पाय जरा फाकवले, आणि एका सडातून दुधाचा थेंब टपकन् खाली पडला. गाडी पुढे गेली, कान पडले, सगळं थांबलं. मी बसल्या जागेवरून ताडकन उठले. इतकी वर्षं वर्गात जे मी खडूनं फळ्यावर काढत आले, ते माझ्या पायाशी पडलं होतं.

मग सगळा हिशेब डोक्यात जुळला. वडील गेले श्रावणात. ती त्यांच्यासाठी झुरत असती तर दूध श्रावणातच आटलं असतं. पण भाऊ रोज गाडी सुरू करत होता आणि ती रोज पान्हवत होती. दूध गेलं ते गाडी गेल्यावर. म्हशीला वडिलांची आठवण येत असेल की नाही, हे मला सांगता येणार नाही. ती वाट बघत होती ती फटफटीची.

हे आईला सांगायचं म्हणजे अवघडच होतं. मी चाचरत सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला, पण तिनं वर बघितलं नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी ती उलटत आई म्हणाली, “म्हंजे तुझ्या बासाठी न्हाय. फटफटीसाठी.”

मी हो म्हटलं. तिनं पुढचा गोळा परातीत थापायला घेतला. मग म्हणाली, “बरं झालं. दुखणं न्हवं ते. सवय हाय. सवय मोडता येती.”

मानसशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकानं हे यापेक्षा नेमकं सांगितलं नसतं. आई रडेल अशी मला भीती होती, आणि ती कामाला लागली होती.

पहिला प्रयोग फसला. भावाच्या मोबाइलमध्ये जुन्या पाडव्याचा व्हिडिओ होता, त्यात वडिलांची गाडी धडधडत होती. आम्ही आवाज मोठा करून तो म्हशीच्या कानाशी धरला. तिनं मोबाइल हुंगला आणि मग चाटला. भावानं शर्टाला पुसून तो खिशात घातला आणि मी त्याला घेऊन कुरुंदवाडची एसटी पकडली.

ते शेतकरी जैन घरातले, वयानं मोठे, अंगणात हळद वाळत घातलेली. आम्ही गाडी थोडे दिवस उसनी मागायला आलोय म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि कशासाठी ते विचारलं. म्हशीसाठी, असं भाऊ म्हणाला. ते आधी आमच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की आतून त्यांच्या सूनबाई बाहेर आल्या. गाडी द्यायला त्यांची ना नव्हती. एक अडचण मात्र निघाली. आवाजाचा त्रास होतो म्हणून त्यांनी तो कापलेला सायलेन्सर काढून नवा बसवला होता.

नव्या सायलेन्सरवर ती गाडी शहाण्या पोरासारखी चालत होती. म्हशीच्या काही कामाची नव्हती. सुदैवानं शेतकऱ्याच्या घरातून भंगार सहजासहजी बाहेर जात नाही. गोठ्याच्या माळ्यावर, मोडक्या नांगराशेजारी, तो जुना सायलेन्सर पडलेला होता. त्यांनी स्वतः वर चढून तो काढून दिला. ऊसतोडीची टोळी आली की मात्र गाडी लागेल, फोन केला की लगेच आणून द्या, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी भावानं अंगणात फटफटी सुरू केली. सगळी गल्ली दारात आली. म्हशीनं मान वर केली, आई खाली बसली, आणि पहिल्याच हिसक्याला दुधाची धार कासंडीत वाजली. आईनं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं आणि धार काढतच राहिली. भाऊ गाडीवर बसल्या बसल्या रडत होता. मलाही आवरलं नाही.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. अट होती आईच्या हातावर पान्हवण्याची. व्यापाऱ्याच्या कानावर हे गेलंच होतं, आणि त्यानं फोनवर सांगितलं होतं, की फटफटीनं दूध निघतं तर कट्टा फटफटीच्या नावावर करा. भाऊ म्हणाला, गाडी परत विकतच घेऊ. आईला ते मान्य नव्हतं. उद्या इंजिन बसलं की पुन्हा हेच. तिला म्हैस आपल्या हाताखाली हवी होती, कुणाच्या इंजिनाच्या भरवशावर नको होती. मग मी तिला सांगितलं, की एक सवय मोडायची तर तिच्या जागी दुसरी बसवावी लागते. फटफटीच्या आधी एक नवा आवाज करायचा, रोज, न चुकता. म्हणजे म्हशीला कळेल, की हा वाजला की पुढे ते सगळं येतंय. मग फटफटी हळूहळू काढून घ्यायची.

आईनं आवाज निवडला तो कासंडीचा. पितळी कासंडी हातात धरून तिच्या काठावर स्टीलच्या ग्लासनं ठोके द्यायचे. टण, टण, टण. मग फटफटी, मग सरकी, मग धार. ऐकायला सोपं वाटतं. पहिले काही दिवस आई ठोके द्यायची ते फटफटी सुरू झाल्यावर, कारण तिला वाटायचं दोन्ही एकदम वाजलं तर म्हशीला जास्त ऐकू जाईल. फटफटीच्या दणक्यात त्या टणटणीला म्हैस काय किंमत देणार. मी समजावलं, पुन्हा समजावलं आणि शेवटी चिडून ओरडले. आईनं ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, की कॉलेजातली पोरं मी एवढं ओरडल्यावर शिकतात का. मी ग्लास उचलून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून तिचा क्रम चुकला नाही.

मग फटफटी मागे मागे नेली. आधी अंगणात, मग दाराबाहेर, मग गल्लीच्या तोंडाशी. आधी धार संपेपर्यंत वाजायची, मग सुरुवातीपुरती, मग भाऊ एक किक मारून लगेच बंद करायचा. ठोके मात्र तेच आणि सरकीही तीच. कासंडी वाजली की म्हशीचे कान आता आईकडे वळायला लागले. मी वर्गात हे सगळं पोरांना सांगायची. ती तास संपला तरी उठायची नाहीत. आज किती दूध निघालं, विचारायची. सगळा वर्ग एका म्हशीच्या कासेकडे डोळे लावून बसला होता आणि मला नोकरीत इतकी मजा पूर्वी आली नव्हती.

भोगीच्या आदल्या दिवशी कुरुंदवाडहून फोन आला. टोळी शेतात उतरली होती. भावानं त्याच दुपारी गाडी पोचवली. आमचा बेत अजून थोडे दिवस किक देत राहण्याचा होता. तो तिथंच संपला. त्या संध्याकाळी फटफटीशिवाय पहिल्यांदा आईनं कासंडी वाजवली. म्हशीनं कान वळवले, मग मान गल्लीच्या तोंडाकडे नेली आणि थांबली. अर्धाच पान्हा सोडला तिनं. बाकीचं दूध कासेत तसंच अडून राहिलं. अर्धा पान्हा म्हणजे व्यापाऱ्याच्या भाषेत काहीच नाही. आई भांडी आवरून लवकर निजायला गेली, जेवली नाही.

भोगीच्या संध्याकाळी मी कॉलेजातून सरळ कट्ट्यावर गेले. आई नेहमीच्या जागी उभी होती, म्हैस धुऊन लख्ख केलेली. बातमी पसरलेली असल्यामुळे गिऱ्हाईक नेहमीपेक्षा जास्त होतं, आणि निम्मे तर नुसते बघायला आलेले. व्यापाऱ्याचा टेम्पो वेळेआधीच येऊन म्हशीच्या मागे उभा राहिला, इंजिन चालूच. डिझेलचं धूड धडधडत होतं. म्हशीचे कान तिकडे गेले. माझ्या मनात पटकन आलं, की बरंच झालं, कदाचित याच आवाजावर सोडेल पान्हा, कुणाला काय कळतंय. मी तसं आईच्या कानात सांगायला पुढे झाले.

आईच्याही ते ध्यानात आलं होतं. तिनं मला हातानं थांबवलं आणि टेम्पोकडे वळून म्हणाली, “गाडी बंद करा, पावणं. उगं म्हणायला नगं, इंजिनावर पान्हवली.”

व्यापाऱ्यानं किल्ली फिरवली. कट्ट्यावर एकदम शांत झालं. आईनं भावाला आणि मलाही लांब जायला सांगितलं. आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. तिनं कासंडी धरली आणि ग्लासनं ठोके दिले. टण, टण, टण. सरकीची मूठ दिली आणि खाली बसली. म्हशीनं आजही गल्लीकडे बघितलं. आईनं घाई केली नाही. सडावर हात ठेवून ती नुसती बसून राहिली, जणू सगळी संध्याकाळ तिच्याच मालकीची आहे. मग म्हशीनं मान वळवली, आईच्या डोक्यावर एक लांब उसासा सोडला, मागचे पाय फाकवले. आईचा हात हलला. कासंडीत धार पडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू आला, आणि त्यानंतर तो थांबलाच नाही.

पहिला ग्लास आईनं व्यापाऱ्याला दिला. त्यानं नको म्हटलं नाही. उभ्यानंच, फेस मिशांना लावत, त्यानं तो संपवला, ग्लास परत दिला आणि म्हशीला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो धंद्यातला माणूस होता. आपल्या हातून काय निसटलं ते त्याला कळलं होतं. गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, ही कुणी शिकवली.

मी रस्ता ओलांडून तोवर जवळ आले होते. आईची सवय मला माहीत आहे. गोठ्यातल्या कशाबद्दलही विचारलं की ती म्हणणार, ह्यांचं आहे, ह्यांनी केलं, ह्यांना विचारा. आता ती माझ्याकडे बोट दाखवणार, लेक कॉलेजात शिकवती म्हणणार, अशा तयारीनं मी पदरही सारखा केला होता.

आई उठली. कासंडी काखेत धरून, सगळ्या कट्ट्यासमोर, व्यापाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती म्हणाली, “म्या शिकवली. माझी म्हस हाय.”

तिच्या तोंडून ‘माझी’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मला डिग्री मिळाली तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, इतका अभिमान वाटला नव्हता. व्यापारी टेम्पोत बसून रिकामा गेला, आणि आईनं पुढच्या माणसाला, तुमचा ग्लास कुठाय, म्हणून दरडावलं.